घरची वाणी आणि आपली लेकरे

(बुद्धविहारातील महिला शिबिरात झालेले भाषण)



मुलांच्या शिक्षणाविषयी बोलावे, अशी मला संयोजकांची आज्ञा झाली आहे. शिक्षण म्हटले की आपल्यापुढे शाळा, शिष्यवृत्ती, वसतिगृह, शिकवणीची फी हे प्रश्न उभे राहतात. ते प्रश्न खरेच आहेत व त्यांवर आपल्या सभांतून पुष्कळ बोलले जाते. परंतु मूल शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवते, तेव्हा त्याच्या आयुष्यातील शिक्षणाची पहिली पाच वर्षे संपून गेलेली असतात, ही गोष्ट आपण विसरतो. त्या पाच वर्षांत ते भाषा शिकलेले असते. ती शिकविण्यासाठी कोणी मास्तर नेमलेला नसतो. ती आईच्या मांडीवर, चुलीपाशी, नळावरच्या रांगेत आणि आजीच्या पाठुंगळीवर शिकली जाते. म्हणून आज मी पाळण्यातल्या आणि दुडुदुडु धावणाऱ्या मुलांच्या बोलण्याविषयी चार शब्द सांगणार आहे.

हा विषय बायकांचा आणि किरकोळ आहे, असे येथे मागे बसलेल्या पुरुषमंडळींनी समजू नये. परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पाक्षिक काढले व त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. ज्या समाजाला हजारो वर्षे तोंड उघडू दिले नव्हते, त्याचे दुःख या एका नावात साठविले होते. गावगाड्यात आपल्या वाडवडिलांनी मुलांना जे पहिले धडे दिले, त्यांत ‘मोठ्या माणसांपुढे बोलू नको’ हा एक धडा होता. त्यांना दोष देता येणार नाही. उलट उत्तराची किंमत पाठीवरच्या वळांनी मोजावी लागत असे, तेथे लेकराला गप्प बसविणे हीच माया होती. पण कारण गेले तरी सवय मागे राहते. आज आपण चाळीत, वस्तीत, नगरात राहतो, धम्मदीक्षा घेतली आहे, घटनेने भाषणस्वातंत्र्य दिले आहे. आणि तरीही आपल्या घरात दोन वर्षांच्या मुलाशी दिवसभरात काय बोलले जाते, ते एकदा कान देऊन ऐका. ‘ये, बस, खा, हात लावू नको, रडू नको, गप्प बस.’ ही सगळी आज्ञा झाली. आज्ञेला उत्तर लागत नाही, आणि उत्तर न देता कोणी बोलायला शिकत नाही.

मूल बोलायला शिकते कसे, हे आधी पाहू. जन्मापूर्वीच, गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत त्याचे कान काम करू लागतात, आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज इतर आवाजांतून ओळखते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्याला विशेष कळेल, कारण तो आपल्या ‘त’ आणि ‘ट’ विषयी आहे. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला हिंदीतील या दोन वर्णांतील भेद ऐकू येणे कठीण जाते. परंतु इंग्रजी घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना तो भेद कळत होता. तीच बालके दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत ती शक्ती मावळत गेली, कारण त्यांच्या घरी तो भेद कोणी बोलत नव्हते. याचा अर्थ असा की, अंगणात मूल मुकाट खेळत असते तेव्हाही त्याचा कान निवड करीत असतो. घरात जे आहे ते ठेवतो आणि जे नाही ते टाकून देतो. ज्याला अजून एक शब्दही बोलता येत नाही, त्याच्याशी काय बोलायचे, असा प्रश्न आपण विचारतो. त्याचे उत्तर येथे आहे.

दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते. सहा-सात महिन्यांत ‘बाबाबा’, ‘मामामा’, ‘दादादा’ सुरू होते. ओठांचे व दातांजवळचे वर्ण सोपे म्हणून आधी येतात. आपल्या भाषेतील जवळच्या माणसांची नावे बाबा, मामा, दादा, काका अशी असावीत हा योगायोग नव्हे. वर्षाच्या सुमारास पहिला अर्थाचा शब्द येतो, दीड वर्षापर्यंत थोडे शब्द जमतात, आणि दोन वर्षांचे मूल ‘आई पानी’, ‘बाबा भूल’ असे दोन शब्द जोडू लागते. ‘र’, ‘ळ’, ‘ण’ यांना आणखी अवकाश लागतो. तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे बाहेरच्या माणसालाही पुष्कळसे समजावे. हा साधारण क्रम झाला. एखादे मूल दोन महिने पुढे, एखादे दोन महिने मागे, यात काही विशेष नाही. आणि शेजारणीच्या मुलाशी रोज तुलना करणे हा तर निव्वळ मनस्ताप.

आता घरी काय करायचे? यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत, हे आधी सांगतो. आई भाकरी थापीत बसली आहे आणि मूल परातीशी लुडबुडते आहे, असे समजा. तिने नुसते बोलावे. ‘हे बघ पीठ. पांढरं पांढरं पीठ. पाणी घातलं. आता गोळा झाला. थाप थाप थाप. तव्यावर टाकली, आता फुगेल बघ, फुगली!’ रोजची तीच भाकरी, रोजचे तेच शब्द. आणि मूल ते शब्द त्या वस्तूशी, त्या वासाशी, त्या आवाजाशी बांधीत जाते. येथे एक मर्म आहे. मूल ज्याकडे बघत असेल त्याविषयी बोलावे. ते खिडकीतल्या कावळ्याकडे बघत असताना आपण ‘हा चेंडू बघ’ म्हणून त्याचे तोंड वळविले, तर चेंडूही जातो आणि कावळाही जातो. त्याने बोट दाखविले की तो त्याचा प्रश्न समजावा. तोंडातून शब्द फुटण्यापूर्वी मूल बोटाने बोलत असते.

दुसरे मर्म थांबण्याचे आहे, आणि ते फार अवघड आहे. आपण विचारतो, ‘काय पाहिजे?’ आणि त्याने ओठ हलविण्यापूर्वीच ‘पाणी पाहिजे ना, घे’ म्हणून पेला तोंडाला लावतो. माया चांगली, पण घाई वाईट. विचारावे, त्याच्या तोंडाकडे बघावे, मनात पाच अंक मोजावे. त्याने ‘पा’ एवढेच म्हटले तरी ते उत्तर मानून ‘पाणी! पाणी पाहिजे बाळाला. हे घे गार पाणी’ असे म्हणावे. त्याचा एक शब्द आपण घ्यावा आणि दोन शब्द मिळवून त्याला परत द्यावा. ते ‘माऊ’ म्हणाले तर ‘हो, माऊ आली. माऊ दूध पिते.’ असे केल्याने त्याची चूक न दाखविता बरोबर रूप त्याच्या कानी जाते. ‘पानी नव्हे, पाणी म्हण, पुन्हा म्हण’ असा पाठ घेऊ नये. दोनदा अडविले की मूल तिसऱ्यांदा बोलत नाही. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत असे आढळले की, मुलाच्या कानांवर एकूण किती शब्द पडले यापेक्षा मूल आणि मोठे माणूस यांच्यात बोलण्याची देवघेव किती वेळा झाली, याचा त्याच्या मेंदूतील भाषेच्या कार्याशी अधिक निकटचा संबंध होता. आपल्या आज्यांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होतो, काहींना होतेही.

माऊ, चिऊ, काऊ, मंमं, भूर, जोजो या बाळशब्दांविषयी सुशिक्षितांत एक धास्ती असते. मला ती निराधार वाटते. लाडाच्या, हेल काढलेल्या, चढ्या सुरातल्या बोलण्याकडे बालकाचे लक्ष अधिक लागते. ‘चिऊ’च्या जोडीला ‘चिमणी’ही येऊ द्यावी, म्हणजे झाले.

तुम्ही म्हणाल, आम्ही सकाळी सातला कामावर जातो, आमच्यापाशी वेळ कोठे आहे? प्रश्न रास्त आहे. धुणीभांडी करून, बांधकामावर विटा वाहून, किंवा कचेरीतून लोकलने दोन तास उभे राहून आलेल्या बाईला ‘मुलाशी तासभर खेळा’ असे व्याख्यान देणे सोपे असते. मी तास मागत नाही. आंघोळ घालायची असतेच, जेवू घालायचे असतेच, निजवायचे असतेच. त्या वेळी तोंड मिटलेले नसावे, एवढेच मागणे आहे. आणि बाप? तो घरी आला की मुलाने झोपावे अशी आपल्याकडे रीत पडली आहे. बापाच्या खांद्यावरून रस्त्यापर्यंतची एक फेरी, वाटेतली रिक्षा, कुत्रा, पंचशील ध्वज, दिवा यांची नावे घेत, ही फेरी रोज व्हावी. जेथे मूल दिवसभर आजीपाशी किंवा थोरल्या बहिणीपाशी असते, तेथे ही गोष्ट त्यांना समजावून द्यावी. मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलीला लहानग्यासाठी शाळेतून घरी बसवू नये. एकाची वाणी फुलविण्यासाठी दुसरीचे अक्षर मारणे हा धर्म नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभा आहे, तिच्याकडे येतो. आपल्या अनेक घरांत आई-बाप मुलाशी मोकळे बोलत नाहीत, कारण त्यांना स्वतःच्या बोलीची लाज वाटते. शाळेत त्यांच्या ‘पानी’ला, ‘व्हय’ला, ‘मले-तुले’ला कोणीतरी हसलेले असते. ‘वस्तीतली भाषा’ हा शेरा त्यांनी ऐकलेला असतो. आपल्या लेकराच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून ते त्याच्याशी पुस्तकी मराठी किंवा तुटके इंग्रजी बोलू पाहतात. त्यांना ती भाषा सहज येत नाही, म्हणून वाक्ये आखूड होतात, गोष्टी आटतात, थट्टा नाहीशी होते, आणि शेवटी ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ एवढेच उरते. मुलाला भरलेली कणगी मिळायची, तेथे मूठभर दाणे मिळतात.

याविषयी तथागतांचा निर्णय स्पष्ट आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात कथा येते की, ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्षूंनी भगवंतांकडे तक्रार केली. नाना कुळांतून, नाना जातींतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात. आम्ही ते छंदात बसवितो, असे त्यांचे म्हणणे होते. भगवंतांनी त्यांना फटकारले आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली. आचार्य बुद्धघोषांनी या वाक्याचा अर्थ वेगळा लावला आहे, हे मी लपवीत नाही. परंतु अनेक आधुनिक अभ्यासक मूळ प्रसंगाला धरून वरील अर्थच मानतात. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्त तर याहून घरगुती आहे. एकाच भांड्याला एका जनपदात पाती म्हणतात, दुसऱ्यात पत्त, आणखी कोठे सराव. ज्या जनपदात जे नाव असेल त्या नावाने व्यवहार करावा, ‘हेच खरे, बाकीचे खोटे’ असा हट्ट धरू नये, असे तेथे सांगितले आहे. एकीकडे तांब्या म्हणतात, वऱ्हाडात गडवा म्हणतात. पाणी दोन्हींत सारखेच राहते.

भाषेची कुंपणे कोणी घातली, हे आपणांस नव्याने सांगायला नको. शाळेत संस्कृत शिकण्यास मज्जाव झाल्यामुळे बाबासाहेबांना पर्शियन घ्यावी लागली, आणि पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या बळावर केला. तेव्हा घरची बोली भरभरून बोला. जे मूल घरच्या बोलीत गोष्ट सांगू शकते, कारण विचारू शकते, भांडू शकते, ते शाळेची प्रमाण मराठी आणि इंग्रजीही त्या पायावर उभारते. ‘पानी’चे ‘पाणी’ शाळेत सहा महिन्यांत होईल. पण रिकाम्या मनात ‘पाणी’ शब्द नुसता पडून राहील. घरात मराठीबरोबर हिंदी किंवा तेलुगू चालत असेल तरी भिऊ नये; दोन भाषांनी मूल मुके होत नाही किंवा गोंधळतही नाही.

येथे एक इशारा देतो. अमेरिकेत १९९५ साली हार्ट आणि रिस्ली यांनी ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून असा निष्कर्ष काढला की, गरीब घरांतील मुलांच्या कानांवर फार थोडे शब्द पडतात. तो निष्कर्ष जगभर पसरला. पुढे इतर संशोधकांनी आजी, भावंडे, शेजारी यांचे आजूबाजूचे बोलणेही मोजले, तेव्हा तो फरक तसा टिकला नाही. गरिबाच्या घरी भाषा नसते, हे म्हणणे आपण पूर्वी वेगळ्या शब्दांत ऐकले आहे. ते मान्य करू नका. आपल्या घरांत भाषा मुबलक आहे. जात्यावरच्या ओव्या, शाहिरी, भीमगीते, भाऊबंदकीचे किस्से, सगळे आहे. ती भाषा मुलाच्या डोक्यावरून जाऊ न देता त्याच्या डोळ्यांत बघून बोलायची, एवढाच मुद्दा आहे.

वंदनेविषयीही बोलले पाहिजे. अडीच वर्षांचे मूल त्रिशरण म्हणू लागले की आपण पाहुण्यांपुढे म्हणवून घेतो. आनंद आहे, त्यात ताल आहे, स्मरण आहे. पण पाठ म्हणणे आणि बोलणे या दोन गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी उतारवयात पालीचा शब्दकोश व व्याकरण रचण्याचे कष्ट घेतले, ते अर्थ कळावा म्हणून. वंदना झाल्यावर मुलाला विचारा, ‘फूल कोणतं आणलं? मेणबत्ती कोणी लावली? ती विझली तर काय होईल?’ त्या तीन प्रश्नांनी त्याची जीभ जितकी हलेल तितकी पाठांतराने हलणार नाही. पाळणा म्हणा, सिद्धार्थ आणि जखमी हंसाची गोष्ट सांगा. तीच गोष्ट शंभरदा मागितली तर शंभरदा सांगा, आणि ऐंशीव्या वेळी मध्येच थांबा. पुढचा शब्द ते स्वतः घालील.

मोबाइलचे काय, हा प्रश्न प्रत्येक शिबिरात येतो. सिएटल येथील पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकविली. ज्यांच्यासमोर जिवंत माणूस बसून बोलले, ती बालके त्या भाषेचे ध्वनी ओळखू लागली. ज्यांना तेच बोलणे पडद्यावर दाखविले, त्यांना काहीच आले नाही. पडदा उत्तराची वाट पाहत नाही आणि मुलाच्या हसण्याला हसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार दोन वर्षांपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन वर्षांनंतर दिवसाला एका तासाहून अधिक नको. परगावी असलेल्या बापाशी व्हिडिओवर बोलणे याहून वेगळे. तेथे पलीकडे माणूस असतो. जेवताना मोबाइल दिल्याने घास लवकर उतरतो खरा, पण दिवसातील बोलण्याची सर्वांत चांगली वेळ त्याच्याबरोबर गिळली जाते.

अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचा आपण वंदनेच्या वेळी आठवतो. खोटे, चहाडी, कठोर आणि निरर्थक बोलणे टाळणे, हे तिचे चार भाग. लहान मुलाच्या बाबतीत कठोर वाणी सर्वांत आधी पोहोचते. नवरा-बायकोच्या भांडणातले शब्द दोन वर्षांचे मूल बिनचूक उचलते व भर सभेत म्हणून दाखविते; तेव्हा हसू नये. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान पुष्कळ मुले अडखळतात, ‘मी मी मी’ करतात. बहुतेकांचे ते आपोआप जाते. त्यांना ‘बोबड्या’, ‘तोतऱ्या’ अशी नावे ठेवू नयेत, शब्द तोंडातून हिसकावू नये. आपले बोलणे संथ करावे आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. काही महिन्यांनंतरही अडखळणे राहिले किंवा बोलताना मूल तोंड-मान ताणू लागले, तर मात्र वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवावे.

आता ज्यांचे मूल बोलतच नाही त्यांच्याविषयी. बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखविणे नाही. दीड वर्षापर्यंत एक शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही. हाक मारली तर वळून बघत नाही. किंवा येत असलेले शब्द गेले, तर थांबू नये. ‘याचा बापही उशिरा बोलला’ हे वाक्य अनेक मुलांची मोलाची वर्षे खाते. काही जण वेखंड मधात उगाळून जिभेला लावतात. एक वर्षाखालच्या बाळाला मध देणे धोक्याचे आहे. त्यातील जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. काही जण जिभेखालचा पडदा आखूड आहे म्हणतात. त्याने दूध ओढणे किंवा काही वर्ण अडतील, पण मूल मुळीच न बोलण्याचे कारण ते क्वचितच असते. ताईत आणि नवस यांविषयी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांना मी काही सांगावे, असे मला वाटत नाही.

आधी कान तपासावे. बहिरे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, म्हणून आई-बाप फसतात. नंतर ते आवाज वाढत नाहीत. थाळी वाजवून घेतलेली परीक्षा पुरेशी नाही, कारण थाळीचा हादरा आणि आईचा हात मुलाला दिसतो. जन्मतःच कान तपासण्याचे यंत्र मोठ्या रुग्णालयांत असते. प्रसूतीनंतर घरी जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. कान वारंवार फुटत असेल, तर तेही ऐकण्याच्या आड येते. आणि स्पष्ट बोलायचे तर, मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याच्या चालीने जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो. पुष्कळ घरांत काही होत नाही, हे खरे. पण ज्या घरात एकदा झाले आहे, तेथे पुन्हा नात्यात सोयरीक जुळविताना विचार करावा.

जावे कोठे? अंगणवाडीत. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत मुले तपासतात. ती येतील त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. तेथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवितात. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्था आहे. श्रवणयंत्रासाठी केंद्राची अडीप योजना आहे. मूल ऐकूच शकत नसेल, तर खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. ती घरातल्या सर्वांनी शिकावी, आई एकटीने नव्हे. सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण यांसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे घटनेचे कलम ४५ आता सांगते. ते २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने आले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. तेव्हा कोणी ‘पुढच्या वर्षी या’ म्हणून परत पाठविले, तर कागदावर लिहून मागा, खाली तारीख घाला, आणि तो कागद घेऊन विहारात या. अर्ज लिहून देणारी मुले येथे आहेत.

बाहेर सतरंजीवर आपली लहानगी खेळत आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्या बोलण्याविषयी शंका असेल त्यांच्या मातांनी सभा संपल्यावर थांबावे. त्यांची नावे व वये लिहून घेऊन अंगणवाडी सेविकेकडे देण्याची व्यवस्था मंडळाने केली आहे. आता प्रश्न विचारावेत.

नमो बुद्धाय. जय भीम.